कॅमेऱ्यातील चमत्कृती आणि तिची परीक्षा : दादासाहेब फाळके यांच्या प्रयोगांच्या आधारे एक विवेचन

१. विषयाची व्याप्ती

छायाचित्र म्हणजे वस्तुस्थितीची विश्वसनीय प्रतिमा, अशी सामान्य समजूत आहे. ही समजूत जितकी दृढ, तितका छायाचित्राच्या द्वारे उभा केलेला आभास परिणामकारक ठरतो. चित्रकाराने आकाशातून उड्डाण करणारा मारुती रंगविला, तर पाहणारा त्याच्या कुंचल्याचे कौतुक करतो. तोच मारुती पडद्यावर उडताना दिसला, तर क्षणभर का होईना, 'हे घडले' अशी प्रतीती त्याच्या मनात उत्पन्न होते. छायाचित्रणातील सर्व चमत्कृतींचा पाया या प्रतीतीत आहे.

असा आभास दोन ठिकाणी घडविता येतो. चित्र घेऊन झाल्यानंतर, म्हणजे अंधारखोलीत, छपाईच्या वेळी अथवा आज संगणकावर, हा त्यातील एक मार्ग. दुसरा मार्ग चित्र घेतानाच, प्रत्यक्ष कॅमेऱ्यात, सर्व काही साधण्याचा. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा मार्ग होय. या मार्गाचे एक वैशिष्ट्य आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. कॅमेऱ्यात केलेली क्रिया मागे घेता येत नाही. फिल्मवर एकदा पडलेला प्रकाश पुसता येत नाही. चूक झाल्यास संपूर्ण दृश्य पुन्हा घ्यावे लागते. म्हणून या प्रकारात प्रयोग आणि परीक्षा यांचा संबंध अत्यंत निकटचा असतो. प्रयोग करणाऱ्याने आपल्या कामाची परीक्षा कोणाकडून, केव्हा आणि कोणत्या निकषांवर करून घ्यावी, हा प्रश्न येथे तंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचा अभ्यास करण्यास धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्या कार्याइतके समृद्ध उदाहरण दुसरे नाही.

२. मूलभूत क्रिया

कॅमेऱ्यात साधावयाच्या चमत्कृती वरवर पाहता असंख्य दिसतात. परंतु पृथक्करण केल्यास त्यांच्या मुळाशी थोड्याच क्रिया आढळतात.

पहिली क्रिया खंडाची. चित्रपटाचा कॅमेरा थांबवावयाचा, समोरील वस्तू बदलावयाची अथवा काढून घ्यावयाची आणि कॅमेरा पुन्हा चालू करावयाचा. पडद्यावर मधला काळ नाहीसा होतो आणि वस्तू एकाएकी प्रकट वा लुप्त झाल्यासारखी वाटते. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १८९६ पासून या क्रियेचा विपुल वापर केला. क्रिया सोपी असली तरी तिच्या अटी कठोर आहेत. कॅमेरा केसभरही हलता कामा नये. दृश्यात राहणाऱ्या नटांनी हातपाय तसेच ठेवावयास हवेत. आणि प्रकाश बदलता कामा नये. सूर्यप्रकाशात काम करणाऱ्यास ही शेवटची अट सर्वांत जड जाते, कारण ढग आला की दृश्याची उजळता उडी मारते आणि प्रेक्षकास सांधा दिसतो.

दुसरी क्रिया गतीच्या बदलाची. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. साधारणपणे सेकंदास सोळा चित्रे घेतली जात. त्याहून कमी चित्रे घेऊन नेहमीच्या वेगाने दाखविली की क्रिया शीघ्र दिसते. अधिक घेतली की मंद. तासाला एक चित्र घेतले तर रोपटे डोळ्यांदेखत वाढते.

तिसरी क्रिया एकाच फिल्मवर दोन वा अधिक वेळा प्रकाश पाडण्याची. हिलाच दुहेरी एक्स्पोजर म्हणतात. येथे एक साधा नियम आहे : दोन प्रतिमांचा प्रकाश एकमेकांत मिळविला जातो, वजा कधीच होत नाही. त्यामुळे दुसरी प्रतिमा पहिलीच्या काळोख्या भागात ठसठशीत उठते आणि उजळ भागात विरून जाते. पांढऱ्या भिंतीसमोर भूत उभे करता येत नाही. ते भिंतीत मिसळून जाते. म्हणून प्रकट होणाऱ्या आकृतीचे चित्रण काळ्या मखमलीसमोर करावयाचे आणि मूळ दृश्यात तिच्यासाठी काळोखी जागा आधीच राखून ठेवावयाची, अशी पद्धत पडली.

चौथी क्रिया आच्छादनाची. भिंगासमोर काळा पुठ्ठा लावून चौकटीचा अर्धा भाग झाकावयाचा, उरलेल्या अर्ध्यावर चित्रण करावयाचे. नंतर फिल्म मागे गुंडाळून झाकलेला भाग उघडा करावयाचा आणि उघडा भाग झाकावयाचा. एकच नट दोन भूमिकांत समोरासमोर उभा राहू शकतो तो या युक्तीने. दोन भूमिका एका चौकटीत यावयाच्या नसतील, तर केवळ वेषभूषा पुरते. त्या एकत्र यावयाच्या असतील, तर मात्र आच्छादनास पर्याय नाही. या क्रियेत दोन्ही भागांची सीमारेषा दिसू न देणे हीच कसोटी.

शेवटच्या दोन क्रियांत फिल्म मागे नेऊन पुन्हा तिच्यावर चित्रण करावे लागते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक चौकट पहिल्या फेरीतील आपल्या नेमक्या जागीच आली पाहिजे. ती जागा ठरते फिल्मच्या कडेच्या छिद्रांवरून. छिद्रांत किंचित जरी असमानता असली, तरी एक प्रतिमा स्थिर राहून दुसरी तिच्यावर थरथरू लागते. छिद्रे पाडण्याचे काम हे कारागिरीचे दिसते. परंतु साऱ्या अद्भुताचा भार त्याच्यावर असतो.

३. फाळके यांची पूर्वतयारी

फाळके यांच्याकडे हे तंत्र एकाएकी आले नाही. त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. चित्रकला, प्रतिकृती घडविणे, छायाचित्रण, छपाईचे ठसे तयार करणे या सर्वांचा त्यांनी अभ्यास केला. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय करून पाहिला. पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून काही काळ नोकरी केली. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या काळात ती सोडून छपाईच्या धंद्यात पडले आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईचे ज्ञान मिळविण्यासाठी जर्मनीस जाऊन आले. याखेरीज जादूचे प्रयोग करण्याचीही त्यांना हौस होती. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते असे प्रयोग करीत.

या तपशिलांतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. तीनरंगी छपाईत तीन ठसे एकमेकांवर अचूक बसावे लागतात. केसाइतका फरक पडला तरी चित्राच्या कडा फुटतात. अशा कामात वर्षे घालविलेल्या कारागिराच्या डोळ्यास दुहेरी एक्स्पोजरमधील अचूकतेची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जादूच्या प्रयोगांतून आणखी एक शिकवण मिळते. प्रेक्षक कोठे पाहील हे आधी ठरविणे आणि त्याच वेळी युक्ती अन्यत्र घडविणे, हे जादूगाराचे शास्त्र होय. ठसेकाराची अचूकता आणि जादूगाराची प्रेक्षकदृष्टी यांचा संयोग फाळके यांच्या ठायी झाला होता.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनात भारतीय चित्रपटाची कल्पना रुजली, हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. पुढील काळात चित्रपटांचा व त्यासंबंधीच्या साहित्याचा त्यांनी इतका ध्यास घेतला की त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी ती परत आली. १९१२ च्या आरंभी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मार्गदर्शन केले व सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटनिर्मितीची पद्धती पाहावयास मिळाली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून ते परतले.

मुंबईत दादरच्या त्यांच्या घरी छिद्रे पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतले. वर म्हटल्याप्रमाणे छिद्रांच्या अचूकतेवर प्रतिमेची स्थिरता अवलंबून असते. तेव्हा फाळके यांच्या चित्रपटांतील चमत्कृतींच्या श्रेयात सरस्वतीबाईंचा वाटा भावनेपोटी नव्हे, तर तांत्रिक कारणाने मान्य करावा लागतो.

४. 'अंकुराची वाढ' : पहिला प्रयोग व पहिली परीक्षा

भांडवल उभे करण्यापूर्वी आपणास हे तंत्र अवगत झाले आहे, हे इतरांस पटवून देणे फाळके यांना आवश्यक होते. त्यासाठी त्यांनी निवडलेला विषय मार्मिक आहे. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी तिच्यासमोर कॅमेरा रोखला आणि महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेऊन अंकुर फुटण्यापासून वेल होईपर्यंतची वाढ चित्रित केली. 'अंकुराची वाढ' या नावाने हा १९१२ मधील प्रयोग ओळखला जातो.

या प्रयोगाविषयी 'रोज एक चित्र' असे सांगण्याचा प्रघात आहे. त्याचबरोबर चित्रपट मिनिटाहून किंचित मोठा होता, असेही सांगितले जाते. या दोन विधानांचा मेळ बसत नाही. सेकंदास सोळा चित्रे धरल्यास एका मिनिटास ९६० चित्रे लागतात. चाळीस दिवस रोज एक चित्र घेतले, तर पडद्यावर अडीच सेकंदांचाच मजकूर मिळेल. मिनिटभराचा चित्रपट व्हावयाचा तर चाळीस दिवसांत दररोज सरासरी चोवीस चित्रे घेतली गेली असली पाहिजेत. तेव्हा 'रोज एक' हे वचन अक्षरशः न घेता 'रोज थोडे' अशा अर्थी घेणे युक्त ठरते. कथेच्या ओघात प्रयोगातील खरे कष्ट कसे झाकले जातात, याचेही हे उदाहरण होय. महिनाभर कुंडी व कॅमेरा यांना धक्का लागू न देणे, प्रकाश शक्य तितका समान राखणे आणि निकाल पाहण्यासाठी अखेरपर्यंत थांबणे, असे या प्रयोगाचे स्वरूप होते.

हा चित्रपट निवडक लोकांना दाखविण्यात आला व त्यातून यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे यांचे साहाय्य मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. ही झाली पहिली परीक्षा. हिचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. परीक्षक हे कलेचे मर्मज्ञ म्हणून बसले नव्हते. पैसे द्यावे की देऊ नयेत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. परंतु ज्याचे स्वतःचे काही पणास लागले आहे, असा पाहणारा सहसा खोटी स्तुती करीत नाही. शिवाय विषय असा निवडला होता की त्यात लपवावयास जागा नव्हती. वाटाण्याचा वेल कसा वाढतो हे प्रत्येकास ठाऊक असते. पडद्यावरील वेल त्याहून वेगळा वाढला, तर दोष तत्काळ उघडा पडतो. नवख्या प्रयोगकर्त्याने पहिली चमत्कृती परिचित वस्तूवर करावी, हा धडा यातून मिळतो.

५. पौराणिक चित्रपटांतील चमत्कृती

'राजा हरिश्चंद्र' हा चार रिळांचा, सुमारे ३,७०० फूट लांबीचा चित्रपट २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांना दाखविण्यात आला व ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८), 'कालियामर्दन' (१९१९) असे चित्रपट झाले. विषयांची ही निवड केवळ धार्मिक भावनेची निदर्शक नाही. पुराणकथांत अंतर्धान पावणे, प्रकट होणे, आकार वाढविणे, आकाशमार्गे जाणे या क्रिया कथानकाचाच भाग असतात. कॅमेऱ्याच्या ज्या चार क्रिया वर वर्णिल्या, त्यांना येथे आयते औचित्य लाभते.

'हरिश्चंद्रा'त विश्वामित्राच्या यज्ञातील ज्वाळांत तीन स्त्रीरूप शक्ती दिसतात. ज्वाळा उजळ आणि भोवताल काळोखा, अशी रचना दुहेरी एक्स्पोजरला अनुकूल असते. प्रसंगाची कल्पना आणि तंत्राची गरज येथे एकमेकींस पूरक ठरतात. 'लंकादहना'त अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि मारुतीच्या उड्डाणाचे दृश्य प्रेक्षकांच्या विशेष पसंतीस उतरले. 'श्रीकृष्णजन्मा'त कंसाला भयाने ग्रासलेले दाखविताना त्याचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते व परत येते. हे दृश्य अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. तेथील चमत्कृती बाहेर घडणारी नाही. ती कंसाच्या मनात घडते. मूकपटात जे मनोगत शब्दांनी सांगता आले नसते, ते येथे फिल्मवर दोनदा पडलेल्या प्रकाशाने सांगितले आहे.

'कालियामर्दना'चा आरंभही असाच विचार करण्याजोगा आहे. कृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. कथेस प्रारंभ होण्यापूर्वी तिच्या मुद्राभिनयाचे नमुने प्रेक्षकांपुढे ठेवले जातात आणि मग ती कृष्णरूपात दिसते. म्हणजे आभास उभा करण्यापूर्वीच त्याची सामग्री उघड करून दाखविली आहे. याच वृत्तीने फाळके यांनी १९१७ मध्ये 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट केला व स्वतःस काम करताना दाखविले. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकातून लेख लिहून आपल्या धडपडीची हकीकत वाचकांपुढे मांडली. जादूगार आपले रहस्य झाकून ठेवतो. फाळके ते उघडे करीत होते. प्रेक्षकास जाणता करणे ही त्यांची भूमिका होती, आणि परीक्षेची सुरुवात प्रेक्षक जाणता होण्यापासूनच होते.

६. परीक्षा कोणी केली?

फाळके यांच्या कामास तीन प्रकारचे परीक्षक लाभले, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

पहिला वर्ग श्रद्धाळू प्रेक्षकांचा. पडद्यावर राम किंवा कृष्ण अवतरताच लोक हात जोडीत, लोटांगण घालीत, असे वृत्तांत आहेत. हा प्रतिसाद खरा आणि उत्कट होता, यात संशय नाही. तथापि तो परीक्षा या संज्ञेस पात्र नाही. ज्याने हात जोडले, त्याने राम पाहिला. सांधा पाहिला नाही. अशा प्रतिसादावरून प्रयोगकर्त्यास आपण काय साधले हे कळते, काय राहून गेले ते कळत नाही.

दुसरा वर्ग परदेशी तज्ज्ञांचा. १९१४ मध्ये फाळके आपले पहिले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथील व्यावसायिकांनी ते पाहिले व त्यांतील तांत्रिक गुणांची प्रशंसा केली. तेथेच राहून चित्रपट करण्याचा प्रस्तावही आला, तो त्यांनी नाकारला. या परीक्षकांना ना रामाविषयी श्रद्धा, ना हरिश्चंद्राच्या कथेचा परिचय. त्यामुळे सांधे, प्रकाश व स्थिरता यांविषयीचे त्यांचे मत निर्लेप असणे शक्य होते. परंतु त्याच कारणाने अमुक प्रसंगी देव असा प्रकट व्हावा की नाही, हे सांगण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पुढे महायुद्ध सुरू झाले, भांडवल आटले व या संबंधातून जे निष्पन्न होऊ शकले असते, ते तसेच राहिले.

तिसरा वर्ग म्हणजे घरची व कारखान्यातील माणसे. त्या काळातील फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे. म्हणून तांबड्या दिव्याखाली निगेटिव्ह धुताना प्रतिमा उमटत असलेली डोळ्यांनी पाहता येई. पट्टीचा छोटा तुकडा धुऊन दोन प्रतिमांचा तोल साधला की नाही, हे चित्रण चालू असतानाच पाहण्याची सोय यामुळे होती. अंधारखोलीतील हा परीक्षक बोलत नाही, पण खोटेही सांगत नाही.

या तिहींत एक उणीव राहते. तंत्र जाणणारा, कथा जाणणारा आणि स्पष्ट बोलणारा असा समव्यवसायी परीक्षक फाळके यांना फारसा लाभला नाही. कारण या क्षेत्रात ते जवळजवळ एकटेच पुढे गेले होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारल्यावर तुलनेस दुसरी शाळा निर्माण झाली. बंधू आनंदराव पेंटर यांच्या १९१६ मधील निधनानंतर त्यांचे कॅमेरा तयार करण्याचे काम बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने पुरे केले होते. त्यांचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके वास्तव वाटले की प्रेक्षकांत घबराट झाली व पुढे ते वगळावे लागले. तंत्राच्या दृष्टीने यशस्वी झालेली चमत्कृती परिणामाच्या दृष्टीने मर्यादा ओलांडू शकते, हे या प्रसंगाने दाखविले. चमत्कृती 'खरी वाटणे' हा तिचा अंतिम निकष नव्हे, ही गोष्ट मराठी चित्रसृष्टीस अशा रीतीने आरंभीच्या काळातच कळली.

स्वतः फाळके मात्र कठोर परीक्षक होते. १९२७-२८ मध्ये दिवाणबहादुर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीपुढे मत देताना त्यांनी भारतीय चित्रपटांत तंत्र व कलागुण यांची उणीव असल्याचे, अभिनय चांगला नसल्याचे आणि छायाचित्रण तर फारच निकृष्ट असल्याचे स्पष्ट सांगितले. ज्या धंद्याचा पाया आपणच घातला, त्याविषयी सरकारी समितीपुढे असे बोलणे सोपे नव्हे. या कठोरतेत एक करुण बाजूही आहे. तोवर चित्रपट पुढे सरकला होता. 'सेतुबंधन' (१९३२) मूकपट म्हणून तयार झाला, तेव्हा बोलपटाचे युग सुरू झाले होते. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. इतरांचे दोष अचूक दाखविणाऱ्या या कलावंतास त्याच्या स्वतःच्या शैलीविषयी वेळीच व आपुलकीने सांगणारे कोणी भेटले असते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाने अनुत्तरित ठेवला आहे.

७. परीक्षेचे निकष

वरील विवेचनावरून चमत्कृतीच्या परीक्षेचे तीन स्तर वेगळे करता येतात.

पहिला स्तर सिद्धीचा. योजलेली क्रिया निर्दोष झाली काय? सांधा दिसतो काय? दुसरी प्रतिमा थरथरते काय? आच्छादनाची रेषा उघडी पडते काय? या प्रश्नांची उत्तरे वस्तुनिष्ठ असतात व चौकटीतील जागेवर बोट ठेवून देता येतात.

दुसरा स्तर प्रतीतीचा. पाहणाऱ्यास काय दिसले? कर्त्याला जे दाखवावयाचे होते, तेच दिसले काय? येथे परीक्षकाने कर्त्याचे स्पष्टीकरण आधी ऐकू नये. स्पष्टीकरण ऐकल्यावर डोळ्यास न दिसलेलेही दिसू लागते.

तिसरा स्तर औचित्याचा. ही चमत्कृती येथे हवी होती काय? क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. अलंकार योग्य स्थानी असेल तरच तो अलंकार. अन्यथा तो भार होतो. भरताच्या परंपरेत विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव मानलेला आहे. केवळ 'हे कसे केले?' एवढ्यावर थांबणारे कुतूहल म्हणजे रस नव्हे. कंसाचे उडालेले मस्तक पाहताना युक्तीचे कुतूहल वाटतेच. पण ते मागे पडून कंसाचे भय जाणवते. म्हणून ती चमत्कृती तिसऱ्या स्तरावरही उतरते.

परीक्षेतील बहुतेक अप्रामाणिकपणा या स्तरांची सरमिसळ झाल्याने उद्भवतो. कल्पना आवडली म्हणून सदोष सिद्धी माफ केली जाते. अथवा सिद्धी निर्दोष आहे म्हणून निरर्थक कल्पनेची वाहवा होते. तिसरा प्रकार म्हणजे कर्त्याच्या कष्टांकडे पाहून गुण देणे. कष्टांचा आदर करावा. परंतु महिनाभर जपलेल्या कुंडीतील वेल पडद्यावर हिसके देत वाढला असता, तर तो दोषच ठरला असता.

८. सोलापुरातील अभ्यासकांसाठी उपयोजन

आज अनेक डिजिटल कॅमेऱ्यांत दुहेरी एक्स्पोजरची सोय अंगभूत असते. छिद्रांची चिंता उरलेली नाही आणि निकाल तत्क्षणी दिसतो. तथापि प्रकाश मिळविला जातो, हा नियम बदललेला नाही, आणि परीक्षेची गरज तर मुळीच कमी झालेली नाही. संगणकावर नंतर दुरुस्त करण्याची वाट बंद ठेवून कॅमेऱ्यातच प्रयोग करण्याचा लाभ असा की, विद्यार्थ्यास आधी विचार करावा लागतो.

सोलापूरच्या परिसरात अशा प्रयोगांना विषयांची वाण नाही. मकरसंक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक घ्या. मंद शटर ठेवल्यास पांढऱ्या बाराबंदीतील समुदाय एका वाहत्या शुभ्र प्रवाहासारखा उमटेल आणि क्षणभर स्थिर राहिलेला ध्वजदंड त्यातून रेखीव उभा राहील. सिद्धीच्या स्तरावर हे चित्र सुंदर होईल. औचित्याच्या स्तरावर मात्र परीक्षकाने विचारावयास हवे : समुदायाचे ऐक्य दाखविताना दंड तोलणाऱ्या व्यक्तीचा चेहरा, ताण व कौशल्य पुसले गेले काय? आणि ते पुसावयाचे होते काय?

दुसरे उदाहरण चादरीचे. विणकराच्या मुखावर सोलापुरी चादरीची नक्षी दुहेरी एक्स्पोजरने उमटविण्याची कल्पना कोणासही सुचेल. नक्षी चेहऱ्याच्या छायेतील भागातच ठळक उठेल, हे जाणून प्रकाश एका बाजूने घेतला पाहिजे, ही तंत्राची बाब झाली. परंतु कल्पना सहज सुचते, हेच तिच्याविषयी सावध होण्याचे कारण होय. 'विणकर आणि वीण एकरूप' या वाक्यापलीकडे ते चित्र काही सांगते काय? त्याऐवजी यंत्रमागाच्या धोट्याची धाव मंद शटरने पकडली आणि मागाजवळ उभा असलेला कामगार स्थिर ठेवला, तर यंत्राचा वेग व माणसाची प्रतीक्षा यांतील विरोध अधिक बोलका होईल, असे एखादा परीक्षक सुचवील. ती सूचना कर्त्याने मान्य केलीच पाहिजे असे नाही. पण ती ऐकून पुन्हा एकदा माग पाहावयास जाणे हे त्याचे कर्तव्य होय.

विभागीय चर्चेत काही पथ्ये पाळल्यास परीक्षा प्रामाणिक राहण्यास साहाय्य होईल. चित्र प्रथम कोणत्याही निवेदनाशिवाय दाखवावे. पाहणाऱ्यांनी काय दिसले ते आधी सांगावे, दोष नंतर सांगावेत व औचित्याचा प्रश्न अखेरीस घ्यावा. तोवर कर्त्याने मौन पाळावे. प्रत्येक दोषाबरोबर त्याचे चौकटीतील स्थान सांगितले जावे. कर्त्याने यशस्वी चित्राबरोबर फसलेले प्रयत्नही मांडावेत आणि प्रत्येकाचे शटर, भिंगाचे छिद्र, प्रकाशाची दिशा व क्रम यांची नोंद ठेवावी. नोंदीविना फसलेला प्रयोग केवळ फसतो, नोंदीसह फसलेला शिकवून जातो.

९. समारोप

कॅमेऱ्यातील चमत्कृती ही मूलतः प्रकाश, काल आणि स्थान यांवरील नियंत्रणाची कला आहे. फाळके यांनी ती ठसेकाराच्या अचूकतेने व जादूगाराच्या दृष्टीने आत्मसात केली आणि तिला कथेच्या सेवेस लावले. त्यांच्या वाट्यास भक्ती आली, प्रशंसा आली. जाणत्या समव्यवसायीची स्पष्ट व सहृदय परीक्षा मात्र फारशी आली नाही. आज शिकणाऱ्यास जे त्यांना दुर्लभ होते, ते वर्गातील चार सहाध्यायी देऊ शकतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केलेले फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष अभ्यासकांनी या दृष्टीने पुन्हा पाहावेत : आदर कायम ठेवून, परंतु हात जोडण्यापूर्वी एकदा सांधा शोधून. कलावंताच्या कष्टांना तोच खरा प्रतिसाद होय.